नुक्ता नावाचा मासा आणि जव्हार-मोखाड्याचे पाणी

उर्दू शिकणाऱ्या मुलांना सुरुवातीलाच सांगावे लागते की नुक्ता म्हणजे नुसता ठिपका नव्हे. एकाच अक्षराकृतीवर तो वर दिला तर ‘खुदा’ होतो आणि खाली दिला तर ‘जुदा’. ठिपक्याची जागा बदलली की शब्द बदलतो.

कृष्णेच्या खोऱ्यात एक मासा आहे. त्याच्या तोंडावर एक आडवी खाच असते आणि खाचेच्या वर पुढे आलेला उंचवटा. त्याचे शास्त्रीय नाव ‘शिस्मॅटोरिंकस नुक्ता’. उर्दू वाचणाऱ्याला या नावात ठिपका दिसतो, मराठी माणसाला कदाचित ‘नाक’ ऐकू येते. काहीही असो, हा शब्द लॅटिन नाही आणि इंग्रजीही नाही. तो आपल्याकडच्या बोलीतून शास्त्राच्या यादीत गेला आहे, आणि आज हा मासा धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे.

वाघ, पक्षी आणि गडकोटांबद्दल मराठीत भरपूर लिहिले गेले. नदीतल्या माशांबद्दल मात्र आपण ‘चवीला कसा’ याच्या पुढे फारसे जात नाही. आपल्या राज्याला २०२३ मध्ये राज्य मासा मिळाला, तो पापलेट. तोही समुद्रातला. गोड्या पाण्यातल्या माशांची नावे कुणी टिपली, कोणता मासा कोणत्या खोऱ्यात राहतो हे कुणी शोधले, आणि या दोनशे वर्षांच्या कामात जव्हार-मोखाड्यासारखा डोंगरी मुलूख कुठे बसतो, याचा हा छोटा आढावा.

पाणलोट हाच माशाचा मुलूख

आधी भूगोल समजून घेऊ. त्र्यंबकजवळच्या ब्रह्मगिरीवर पाऊस पडतो. डोंगराच्या पूर्वेकडे पडलेले पाणी गोदावरीत जाते आणि १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेकडे पडलेले पाणी वैतरणेत जाते आणि त्याच्या जेमतेम एक दशांश अंतरात अरबी समुद्राला पोचते. माणूस ही कड पायी ओलांडतो, ढग वरून ओलांडतात. मासा ओलांडू शकत नाही. त्याच्यासाठी डोंगराची धार ही देशाच्या सरहद्दीपेक्षा पक्की सरहद्द आहे.

दोन नद्यांच्या मधल्या या धारेला जलविभाजक म्हणतात आणि एका नदीला पाणी पुरवणाऱ्या सगळ्या उतारांना पाणलोट. लाखो वर्षांत डोंगर झिजतो, एखादी नदी मागे मागे कोरत दुसऱ्या नदीचा उगम पळवते, आणि मग मासे एका खोऱ्यातून दुसऱ्यात जातात. पण हे भूगर्भाच्या घड्याळाने होते. तोवर प्रत्येक खोऱ्यातला मासा आपापल्या वाटेने बदलत राहतो.

जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले तालुके अशाच एका विभाजकावर बसलेले आहेत. मोखाड्याच्या दक्षिणेकडून वैतरणा जाते. जव्हारच्या बाजूची पिंजाळ आणि सूर्या या पुढे वैतरणेलाच मिळतात. पण याच डोंगरांच्या उत्तर उतारावरची वाघ नदी दमणगंगेची उपनदी आहे. दाभोसा धबधबा ज्या लेंडी नदीवर आहे, तिचे पाणीही दमणगंगेकडे जाते आणि दमणजवळ समुद्राला मिळते. म्हणजे दोन शेजारच्या पाड्यांचे ओढे दोन वेगळ्या खोऱ्यांचे असू शकतात. तालुक्याच्या नकाशात ही रेघ दिसत नाही. माशांच्या नकाशात ती सगळ्यात महत्त्वाची असते.

जव्हारचा राजकीय इतिहास आपल्याला थोडाफार माहीत आहे. चौदाव्या शतकात महादेव कोळ्यांच्या मुकणे घराण्याने इथे राज्य उभे केले. जयबा मुकणे यांच्या मुलाला दिल्लीच्या सुलतानाने निमशहा म्हणून मान्यता दिली. सुरतेच्या वाटेवर १६६४ मध्ये शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले. गावात शाह सदरुद्दीन चिश्ती यांचा दर्गा आहे, त्यांचा उरूस भरतो. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. या इतिहासात राजे आहेत, किताब आहेत, लढाया आहेत. नद्या आणि नदीवर जगणारी माणसे मात्र बहुधा पार्श्वभूमीलाच राहिली.

साईक्सच्या आधी आणि साईक्स

दख्खनमध्ये माशांवर लिहिणे इंग्रजांपासून सुरू झालेले नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांची खाणी आणि गळ टाकायच्या पद्धती दिल्या आहेत. बाबराने आपल्या आत्मकथेत हिंदुस्थानातल्या पाण्यातल्या प्राण्यांचे वेगळे वर्णन केले आहे. हे लेखन राजांचे होते आणि त्यात कुतूहल खरे होते. मात्र ‘हा मासा या नदीत आहे, त्या नदीत नाही’ अशी शिस्तशीर नोंद त्यात नव्हती.

ती सुरू झाली पेशवाईनंतर. विल्यम हेन्री साईक्स हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले. जिंकलेल्या मुलखाचा महसूल, लोकसंख्या, पिके, पाऊस हे सगळे मोजणे हे त्याचे काम. ते करताना त्याने पक्षी आणि मासेही टिपले. पुढे लंडनला परतल्यावर दख्खनच्या माशांवरचा त्याचा लेख तिथल्या प्राणिशास्त्रीय संस्थेने छापला. त्यातली बहुतेक नावे १८३९ सालाने ओळखली जातात. नंतर हाच साईक्स कंपनीच्या संचालक मंडळाचा अध्यक्षही झाला.

साईक्सची यादी मराठी माणसाने एकदा तरी मोठ्याने वाचावी अशी आहे. सींगटी म्हणजे आपली शिंगटी. गोगरा म्हणजे घोगरा. मल्या, मुरे, नुक्ता, चितुल, कोलस, खुदरी. त्याने चाळीसहून अधिक माशांचे वर्णन केले आणि त्यातल्या अनेकांना स्थानिक नावच शास्त्रीय नाव म्हणून दिले. आज जगातला कोणताही मत्स्यशास्त्रज्ञ दख्खनच्या महसीरला ‘टॉर खुदरी’ म्हणतो, डोंगरी ओढ्यातल्या दगडाला चिकटणाऱ्या माशाला ‘गारा मल्या’ म्हणतो आणि घोगऱ्याला ‘रिटा गोगरा’. त्याला कदाचित ठाऊक नसेल, पण तो मुळा-मुठा, भीमा, घोडनदीच्या काठचे शब्द उच्चारत असतो.

याच यादीत दुसऱ्या प्रकारची नावेही आहेत. यारेली, ओगिल्बी, विगोर्सी, चिल्ड्रेनी. ही साईक्सच्या लंडनमधल्या परिचित निसर्गतज्ज्ञांची आडनावे. म्हणजे मासा ज्याच्या जाळ्यात आला त्या भोई-कोळ्याचा शब्द यादीत गेला, नाव गेले नाही. ज्याने तो मासा नदीत कधी पाहिला नाही त्याचे नाव मात्र कायमचे कोरले गेले. साईक्सला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. त्या काळच्या शास्त्राची ती रीतच होती, आणि साईक्सने निदान लोकांचे शब्द तरी ठेवले. पण ज्ञान कुणाचे आणि नोंद कुणाची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आणखी एक अडचण त्याच्या कामाने मागे ठेवली. त्याने वर्णिलेल्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज मिळत नाहीत. उरले आहेत ते शब्द, काही चित्रे आणि नद्यांची नावे. त्यामुळे ‘साईक्सने पाहिलेला मासा नेमका कोणता’ हे ठरवायला आजच्या अभ्यासकांना पुन्हा त्याच नदीवर जावे लागते. नावाइतकेच ठिकाण का महत्त्वाचे, ते इथे कळते.

छावणी आणि रेल्वेच्या काठाने

साईक्सनंतर फ्रान्सिस डे आला. लष्करी डॉक्टर, पुढे मत्स्यव्यवसायाचा महानिरीक्षक. १८७५ ते १८७८ दरम्यान निघालेला भारतातल्या माशांवरचा त्याचा ग्रंथ अजूनही वापरात आहे. पुण्याजवळच्या ओढ्यातल्या एका लहानशा मुऱ्याला त्याने १८७२ मध्ये एव्हेझार्ड नावाच्या कर्नलचे नाव दिले. विसाव्या शतकात नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी मुंबई इलाख्यातले छोटे ओढे तपासले आणि खंडाळ्याच्या बाजूचा एक मासा १९१९ मध्ये नोंदवला.

मग नाव येते सुंदरलाल होरा यांचे. १८९६ मध्ये आजच्या पाकिस्तानातल्या हाफिजाबाद इथे जन्मलेले होरा पुढे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. त्यांचा आवडीचा विषय म्हणजे धबधब्याच्या पाण्यात राहणारे मासे. इतक्या वेगात हे मासे वाहून का जात नाहीत? कुणाच्या ओठाखाली चकती असते, तिने ते दगडाला चिकटतात. कुणाच्या छातीवर घड्या असतात, कुणाचे पर आडवे पसरलेले असतात. हिमालयाच्या पूर्वेकडचे असे मासे आणि सह्याद्रीतले मासे यांच्यात होरा यांना साम्य दिसले. सातपुड्याच्या डोंगररांगेवरून हे मासे कधी काळी पश्चिमेकडे सरकले असावेत, असा सिद्धांत त्यांनी मांडला. त्यावर वाद झाले, अजूनही होतात. पण माशाचा इतिहास डोंगराच्या आणि नदीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, ही गोष्ट त्यांनी भारतीय शास्त्रात रुजवली. ‘मानसोल्लासा’तल्या मत्स्यविनोदावर अभ्यासपूर्ण लेख लिहिणारेही हेच होरा.

जव्हार-मोखाड्याच्या सर्वांत जवळ हा अभ्यास आला तो १९३०च्या दशकात. नाशिकजवळच्या देवळालीला, दारणा नदीवर, ए. जी. एल. फ्रेझर यांनी मासे गोळा केले. होरा आणि के. एस. मिश्रा यांनी ते तपासले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात देवळालीच्या माशांवर लेखमाला आली. त्यातून दोन मासे जगाला कळले. एक फ्रेझर यांच्या नावाचा, ‘पुंटियस फ्रेझरी’. दुसरा ‘पॅराप्सिलोरिंकस प्रॅटेरी’, सोसायटीचे क्युरेटर स्टॅन्ली हेन्री प्रॅटर यांच्या नावाचा. हे प्रॅटर अँग्लो-इंडियन समाजाचे प्रतिनिधी म्हणून आपल्या संविधान सभेतही होते.

हे दोन्ही मासे आज संकटात आहेत. प्रॅटेरी तर ‘अतिसंकटग्रस्त’ गटात, कारण त्याची नोंद देवळालीच्या दारणेपलीकडे जात नाही. एक नदी, एक ठिकाण. त्या काठावर काय होते यावर एका अख्ख्या जातीचे जगणे-मरणे ठरते.

आता ही ठिकाणे नकाशावर मांडून पाहा. पुणे, शिरूर, खंडाळा, देवळाली. ही छावण्यांची किंवा रेल्वेच्या वाटेवरची गावे आहेत. साहेब जिथे राहू शकत होता, तिथल्या नदीचा मासा शास्त्रात आला. देवळालीहून त्र्यंबकमार्गे घाट उतरला की मोखाडा. पण मध्ये जलविभाजक आहे, पलीकडे संस्थानी मुलूख, जंगल, हिवताप आणि रस्ते नाहीत. या सगळ्या नावांत जव्हार-मोखाडा नाही. याचा अर्थ तिथे सांगण्यासारखे मासे नव्हते असा होत नाही. विचारायला कुणी घाट उतरले नाही, एवढाच होतो.

यादीपासून नकाशापर्यंत

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षे काम याद्यांचे झाले. ‘अमुक जिल्ह्यातले मासे’, ‘तमुक धरणातले मासे’. यादी उपयोगी असते, पण ती एक गोष्ट सांगत नाही. मासा जिल्ह्यात राहत नाही, तो ओढ्यात राहतो.

२००४ मध्ये नीलेश डहाणूकर, रूपेश राऊत आणि अनुराधा भट यांनी पश्चिम घाटातल्या माशांच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र केल्या. २८८ जाती निघाल्या आणि त्यातल्या ११८ जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या. पुढे २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेने, म्हणजे आययूसीएनने, पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या जीवसृष्टीचा मोठा अहवाल काढला. त्यात २९० जातींचे मासे तपासले गेले आणि साधारण तीनातली एक जात धोक्यात असल्याचे दिसले.

या अहवालाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. माशाचा आढळ दाखवताना नकाशावर गोल काढला नाही. नदीखोऱ्याचे छोटे छोटे पाणलोट पाडले आणि मासा ज्या पाणलोटात मिळाला किंवा असण्याची दाट शक्यता आहे, तोच तुकडा रंगवला. मग एकेक जातीचे रंगवलेले तुकडे एकावर एक ठेवले की कोणत्या पाणलोटात दुर्मीळ जाती दाटलेल्या आहेत ते दिसते. आययूसीएनच्या निकषांत क्षेत्रफळाला मोठे वजन आहे. आढळप्रदेश ५,००० चौरस किलोमीटरपेक्षा कमी, तोही तुटक आणि घटत चाललेला असेल तर जात ‘धोक्यात’ धरली जाते. १०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल तर ‘अतिसंकटग्रस्त’. म्हणजे नकाशा चुकला किंवा कोराच राहिला तर माशाचा दर्जाही चुकतो. नोंद नसलेला मासा सरकारी कागदात धोक्यात येत नाही, कारण तो कागदात नसतोच.

नकाशा अजून किती बदलू शकतो, याचे उदाहरण डेने वर्णिलेल्या त्या एव्हेझार्डच्या मुऱ्याचे आहे. दीडशे वर्षे सह्याद्रीतले असे सगळे मुरे एकाच नावाखाली घातले जात होते. जनुकीय तपासणी झाली तेव्हा वेगवेगळ्या खोऱ्यांतले मुरे वेगळे निघाले आणि २०२१ मध्ये त्यातून नव्या जातींची नावे आली. त्याच्या वर्षभर आधी, २०२० मध्ये, आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराजवळच्या कुंडातून एक नवा मुरा नोंदवला गेला. पुढे शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडे, पुण्याकडे अभ्यासकांचे पाय जास्त वळले म्हणून हे घडले. वैतरणा आणि दमणगंगेच्या डोंगरी ओढ्यांतही असाच बारकाईने शोध होणे गरजेचे आहे.

मुंबईची तहान

गरजेचे का, आणि आत्ताच का? कारण या पाण्याकडे दुसऱ्या कुणाचे तरी लक्ष फार पूर्वीपासून आहे.

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी तीन वैतरणेवर आहेत. मोडकसागर १९५७ मध्ये झाला, अप्पर वैतरणा १९७३ मध्ये. त्या दोघांच्या मध्ये, मोखाडा तालुक्यातल्या कोचाळेजवळ, मध्य वैतरणेचा शंभर मीटरहून उंच बांध गेल्या दशकात उभा राहिला. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मिळते. त्याच वेळी वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मोखाड्यात उन्हाळ्यात टँकर येतात आणि बायका हंडे घेऊन दरीत उतरतात. हा विरोधाभास वर्तमानपत्रांतून दर एप्रिल-मे मध्ये छापून येतो.

वाहत्या नदीचे तलावात रूपांतर झाले की दगडाला चिकटून जगणाऱ्या माशाचे काम संपते. त्याला वेगाचे, प्राणवायूने भरलेले, स्वच्छ पाणी लागते. साचलेल्या गाळात त्याची चकती निरुपयोगी. त्याच्या जागी तलावात रोहू, कटला, मृगळ सोडले जातात. हे गंगेच्या खोऱ्यातले मासे, आपल्या पश्चिम घाटाचे नव्हेत. त्यांच्या मागोमाग चिलापी येतो. आफ्रिकी मांगूर २००० सालापासून बंदी असूनही देशात अनेक ठिकाणी पाळला गेला. खालून वर चढणाऱ्या माशाला बांध ओलांडता येत नाही, आणि एकाच नदीवर तीन बांध झाले की नदीचे चार तुकडे होतात.

आता प्रस्ताव पुढचा आहे. दमणगंगा-पिंजाळ जोड प्रकल्पासाठी २०१० मध्ये केंद्र, गुजरात आणि महाराष्ट्र यांच्यात करार झाला. राष्ट्रीय जलविकास अभिकरणाने २०१४ मध्ये सविस्तर अहवाल पूर्ण केला. भुगाड इथे दमणगंगेवर एक धरण, खारगीहिल इथे वाघ नदीवर दुसरे, आणि तिथून बोगद्यातून पाणी पिंजाळच्या खोऱ्यात, पुढे मुंबईला. इथल्या आदिवासी गावांनी विस्थापनाच्या भीतीने याला विरोध केला आहे. तो विरोध जमिनीचा आणि घराचा आहे, आणि तो रास्त आहे.

त्यात माशांचा मुद्दाही जोडला पाहिजे. लेखाच्या सुरुवातीला ज्या जलविभाजकाचा उल्लेख केला, तोच हा बोगदा छेदणार आहे. वाघ नदीचे पाणी पिंजाळमध्ये जाईल तेव्हा पाण्याबरोबर अंडी, पिल्ले, रोग आणि परके मासेही जातील. लाखो वर्षे वेगळ्या राहिलेल्या दोन खोऱ्यांतले मासे एकत्र येतील. त्यांच्यात काय फरक होता, हे त्यानंतर कुणालाही शोधता येणार नाही. शहराला पाणी नको असे कोण म्हणेल? मुंबईत आपलेही नातेवाईक राहतात. पण दोन खोरी जोडायची असतील तर त्याआधी दोन्हींत काय आहे ते मोजले गेले पाहिजे.

चढणीचे मासे

मासे म्हणजे केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाची गोष्ट नाही. पहिला जोराचा पाऊस पडतो, ओढे भरतात आणि मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर निघतात, भातखाचरांपर्यंत येतात. यांना चढणीचे मासे किंवा वलगणीचे मासे म्हणतात. वारली, कातकरी, महादेव कोळी, ठाकूर, कोकणा घरांत या दिवसांत ताजा मासा असतो. उरलेला सुकवून ठेवतात. खेकडे, मुठे, शिंपले हेही त्याच ताटातले.

१९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. तेव्हापासून या भागाचे नाव कुपोषणाशी जोडले गेले. अंगणवाडीतला पोषण आहार, अंडी, औषधे यांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण ज्या ओढ्यातून मुलाच्या ताटात फुकट प्रथिने येत होती, तो ओढा कसा आहे, हे कुपोषणाच्या अहवालात सहसा विचारले जात नाही. मासा कमी झाला तर पहिली झळ दर आठवड्याला बाजारातून मासे विकत घेऊ न शकणाऱ्या घराला बसते.

इथे सगळा दोष धरणांवर टाकून चालणार नाही. गेळफळासारख्या वनस्पतींनी मासे गुंगवायची जुनी पद्धत एका डोहापुरती असायची. आता सह्याद्रीत ठिकठिकाणी ओढ्यात ब्लीचिंग पावडर टाकली जाते, जिलेटीन फोडले जाते, बॅटरीचा करंट सोडला जातो. यात पिल्लेही मरतात आणि पुढच्या वर्षीची चढणही. गर्भार मासा धरू नये, हे सांगणारी जुनी माणसे प्रत्येक गावात आहेत, पण त्यांचे ऐकणारे कमी झाले.

देवाच्या नावाने राखलेले डोह

जुन्या नकाशांत न आलेली आणखी एक गोष्ट आहे, राखीव डोहांची. वाडा तालुक्यातल्या तिळसे इथे वैतरणेच्या पात्रात शिवमंदिर आहे. त्याच्याजवळच्या डोहातले मोठे मासे देवाचे मानले जातात, त्यांना कुणी धरत नाही. ते महसीर कुळातले आहेत. महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीला काळ नदीवर अशीच प्रथा आहे. कोणत्याही सरकारी अधिसूचनेशिवाय या डोहांनी मासे वाचवले.

अशी राखण एकाच धर्माची मक्तेदारी नाही. तुर्कस्तानात उर्फा शहरात हजरत इब्राहीम यांच्या नावाने राखलेला तलाव आहे. तिथले मासे कुणी खात नाही. बांगलादेशात चितगावला बायजीद बोस्तामी यांच्या दर्ग्याच्या तळ्यात काळ्या मऊ पाठीची कासवे आहेत. २००२ मध्ये ही जात निसर्गातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले होते आणि तेव्हा ती माहीत होती ती दर्ग्याच्या तळ्यापुरती. नंतर आसामात ब्रह्मपुत्रेच्या बाजूला आणि तिथल्या मंदिरांच्या तळ्यांतही तीच कासवे सापडली. दर्गा आणि देऊळ यांनी मिळून एक जात वाचवली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

अर्थात एक डोह म्हणजे नदी नव्हे. वरून पाणी येणे थांबले, खालून चढण थांबली तर देवाचा मासाही म्हातारा होऊन संपतो. म्हणून राखलेले डोह हे नकाशातले पहिले बिंदू धरावेत आणि तिथून वरचा आणि खालचा पाणलोट तपासावा.

नोंद आता कुणी करायची?

साईक्सच्या काळी कंपनी सरकारने एक अधिकारी नेमला होता. आज कायद्याने हे काम गावाकडे दिले आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. जव्हार आणि मोखाडा हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके. इथे १९९६चा पेसा कायदा लागू आहे आणि त्यात छोट्या जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवायला सांगितले आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या पाण्यातील मासे आणि इतर उत्पन्नावर गावाचा सामूहिक हक्क शब्दांत मान्य केला आहे. म्हणजे तिथल्या माणसाचा माशावर हक्क आहे, हे संसदेने लिहून दिले आहे. त्या हक्काचा दावा करताना ‘आमच्या ओढ्यात हे मासे आहेत’ असे दाखवणारा कागद गावाकडे असेल तर दावा भक्कम होतो.

बऱ्याच ठिकाणी या नोंदवह्या एकमेकींची नक्कल करून भरल्या गेल्या. माशांच्या रकान्यात ‘मरळ, वाम, शिंगटी, खेकडा’ एवढे लिहून मोकळे झाले. त्यातून नकाशा होत नाही. नोंद अशी हवी की माशाचे पाड्यावरचे नाव काय, तो कोणत्या ओढ्यात आणि कोणत्या डोहात मिळतो, कोणत्या महिन्यात, पूर्वी मिळायचा आणि आता मिळत नाही असे कोणते, ओढा पुढे कोणत्या नदीला मिळतो, आणि ही माहिती कुणी सांगितली. शेवटचा रकाना साईक्सच्या यादीत नव्हता. त्यात आज वारली, कातकरी, महादेव कोळी बायका-पुरुषांची नावे आली पाहिजेत, त्यांच्या परवानगीने.

शाळा यात बरेच करू शकतात. आश्रमशाळांतली मुले आपल्याच ओढ्यातला मासा ओळखतात, फक्त तो पाठ्यपुस्तकात नसल्यामुळे तो अभ्यास आहे असे त्यांना वाटत नाही. मोबाईलवर फोटो काढायचा, बोलीतले नाव जसे ऐकू आले तसे देवनागरीत लिहायचे, ओढा कोणत्या खोऱ्यातला ते भूगोलाच्या नकाशावर शोधायचे. एका पावसाळ्यात एका शाळेकडून दोन-चार ओढ्यांची खरी नोंद होऊ शकते. फोटो आणि ठिकाण असेल तर जात कोणती हे सांगायला विद्यापीठातले अभ्यासक आहेत. त्यांना नेमकी हीच गोष्ट घरबसल्या मिळत नाही.

पिंजाळ, वाघ, लेंडी, सूर्या आणि वैतरणा यांच्या वरच्या ओढ्यांपासून हे काम सुरू करता येईल. नदीजोडचे काम कधी मार्गी लागेल ते सरकार ठरवेल. चढण मात्र दरवर्षी जूनमध्ये ठरलेली आहे, आणि त्या आठवड्यात वही घेऊन ओढ्यावर जायला कुणाच्याही मंजुरीची गरज नाही.